बाबांच्या पोटातला फुगा, आणि बाबांनाच न सांगितलेली गोष्ट

पत्र:
डॉक्टर, आमचे बाबा ७२ वर्षांचे, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. लघवीच्या त्रासासाठी सोनोग्राफी केली, तर प्रोस्टेट बाजूलाच राहिलं आणि पोटातली मुख्य रक्तवाहिनी ५.८ सेंटिमीटर फुगलेली निघाली. सीटी अँजिओग्राफीतही तेच आलं. कोल्हापूरचे सर्जन म्हणतात, पोट उघडून तेवढा भाग बदलू. पुण्याचे म्हणतात, जांघेतून स्टेंट घालू, तिसऱ्या दिवशी घरी. भावाला स्टेंटच हवा आहे, लगेच उरकून टाकू म्हणतो. काका (वय ६८, तेही बिडी ओढतात) म्हणतात, दुखत नाही, खुपत नाही, कशाला उकरून काढता? मे महिन्यात, म्हणजे सहा महिन्यांनी माझ्या मुलीचं लग्न आहे. तोवर थांबलं तर चालेल का? बाबांना आम्ही 'गॅसची तपासणी' एवढंच सांगितलंय, नाहीतर ते खचतील. बिडी अजून सुटलेली नाही, दुसऱ्या मजल्याला धाप लागते, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या चालू आहेत. रिपोर्टची प्रत सोबत जोडली आहे.
– एक मुलगी, कराड

उत्तर:
मेपर्यंत थांबू नका. तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांत याच एका प्रश्नाचं उत्तर मी बिनशर्त देऊ शकते, म्हणून आधी तेच लिहिलं.

पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंदीची असते. ३ च्या पुढे गेली की तिला ॲन्युरिझम म्हणतात. ५.५ पर्यंत पुरुषांमध्ये नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. त्याआधी घाईनं ऑपरेशन केल्यानं माणसं जास्त जगत नाहीत, हे ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडच्या मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. ५.५ ओलांडल्यावर मात्र पारडं फिरतं. ऑपरेशन न झालेल्या अमेरिकी माजी सैनिकांवरचा २००२ मधला एक अभ्यास आहे. त्यात ५.५ ते ५.९ सेंटिमीटरच्या गटात वर्षभरात शंभरातल्या सुमारे नऊ जणांचा फुगा फुटला. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा कमी आला आहे. पण फुटल्यानंतर काय होतं यावर दुमत नाही: बहुतेक माणसं जातात, आणि त्यांतली बरीचशी दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचत नाहीत.

म्हणजे उद्या पहाटे ॲम्ब्युलन्स बोलवायची वेळ आलेली नाही, पण सहा महिने हा काळ फार मोठा आहे. ब्रिटनच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात, ५.५ च्या पुढे गेलेल्या रुग्णाचं ऑपरेशन सर्जनकडे पाठवल्यापासून आठ आठवड्यांत व्हावं असा दंडक आहे. तोच हिशेब तुम्ही धरा. हे आठ आठवडे रिकामे जात नाहीत. टूडी एको, फुप्फुसाची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी), हृदयाचा ताण सोसण्याचा अंदाज, सगळं त्यात बसतं. आणि सगळं सुरळीत झालं तर बाबा नातीच्या लग्नात मांडवात बसलेले असतील, कुठल्याही ऑपरेशननंतर.

आता कोणतं ऑपरेशन.

मी सर्जन नव्हे. मी भूलतज्ज्ञ. तीस वर्षं रुग्णाच्या उशाशी बसून ही दोन्ही ऑपरेशनं पाहिली आहेत, त्यामुळे जे सांगते ते त्या जागेवरून दिसलेलं.

उघड्या ऑपरेशनमध्ये छातीच्या हाडाखालपासून बेंबीच्या खालपर्यंत पोट उघडतात. आतडी बाजूला सारतात आणि मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली महाधमनीला क्लॅम्प, म्हणजे रक्त अडवणारा चिमटा, लावतात. त्या क्षणी कमरेखालचा रक्तपुरवठा थांबतो आणि हृदयाला एकदम बंद दारावर धडका मारल्यासारखं काम करावं लागतं. सर्जन फुगा उघडतात, आतल्या रक्ताच्या गुठळ्या काढतात आणि पॉलिएस्टरची नळी वर-खाली टाक्यांनी शिवतात. मग येतो तो क्षण, ज्याची आम्ही भूलतज्ज्ञ तासभर आधीपासून तयारी करतो. सर्जन मोठ्यानं सांगतात, 'क्लॅम्प काढतोय.' इतका वेळ उपाशी राहून सैल पडलेल्या पायांच्या रक्तवाहिन्यांत रक्त एकदम धाव घेतं आणि रक्तदाब घसरतो. कधी १४० चा ७० होतो, डोळ्यांदेखत. सलाइन, रक्त, औषधं, सगळं हाताशी असतं आणि बहुतेक वेळा पाचेक मिनिटांत गाडी रुळावर येते. पण चांगलं हृदय लागतं त्याला, आणि चांगली फुप्फुसंही, कारण एवढ्या मोठ्या टाक्यावर दुसऱ्या दिवसापासून खोकून बेडके काढावे लागतात. आयसीयूत दोन-तीन दिवस, दवाखान्यात आठ-दहा, आणि पहिल्यासारखी ताकद यायला दोन-तीन महिने.

जांघेतून करतात त्याला आमच्याकडे सगळे 'ईव्हार' म्हणतात. भावाला एक गोष्ट आवर्जून सांगा: हा हृदयाच्या अँजिओप्लास्टीत घालतात तसला बारीक जाळीचा स्टेंट नव्हे. धातूच्या जाळीवर कापड शिवलेली नळी असते ती, साधारण पायजम्याच्या आकाराची: वर एक तोंड, खाली दोन पाय. बारीक गुंडाळून एका नळीत भरलेली असते. दोन्ही जांघांतल्या धमन्यांतून ती वर नेतात आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर बघत मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या खाली उघडतात. हे एक-दोन मिलिमीटरचं काम असतं, कारण थोडं वर सरकलं तर मूत्रपिंडाचं तोंड झाकलं जातं. आधी पायजम्याचा मुख्य भाग आणि एक पाय उघडतो. दुसरा पाय आखूड, लोंबता असतो. समोरच्या जांघेतून तार नेऊन त्याचं तोंड आतल्या आत शोधावं लागतं. कधी दोन मिनिटांत सापडतं, कधी अर्धा तास सगळे शिशाचे एप्रन घालून श्वास रोखून उभे असतात. मग तिसरा तुकडा जोडला की रक्त त्या नव्या नळीतून वाहू लागतं आणि फुग्याच्या भिंतीवरचा दाब उतरतो. फुगा काढत नाहीत. तो तिथंच राहतो, आतलं रक्त गोठतं, आणि सगळं नीट असेल तर काही महिन्यांत आक्रसू लागतो.

क्लॅम्प नाही, पोटाला चीर नाही. कमरेत इंजेक्शन देऊन किंवा नुसती जांघ बधिर करूनही होतं. माझे रुग्ण पडद्याआडून माझ्याशी बोलायचे. एकानं मला ऑपरेशनभर त्याच्या डाळिंबांवरच्या तेल्या रोगाबद्दल सांगितलं होतं. संध्याकाळी चहा, दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालणं. नंतर दोन-चार दिवस ताप येतो कधीकधी. जंतुसंसर्ग नसतानाही शरीर त्या परक्या कापडाला असं उत्तर देतं, तेव्हा घाबरू नका. पण डॉक्टरांना सांगा.

ही कल्पना कुठून आली तेही सांगते. खार्किवमध्ये (आजच्या युक्रेनमध्ये) सर्जन निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत असं कापडी अस्तर १९८७ मध्येच बसवलं होतं, पण सोव्हिएत सीमेबाहेर त्याची फारशी वार्ता गेली नाही. पोटातल्या फुग्यासाठी हे पहिल्यांदा केलं अर्जेंटिनाचे सर्जन हुआन पारोदी यांनी, ब्युनोस आयर्समध्ये, सप्टेंबर १९९० मध्ये. जे रुग्ण उघडं ऑपरेशन सोसूच शकणार नाहीत त्यांच्यासाठी काहीतरी हवं, या तळमळीतून ते शोधलं गेलं. ज्यांना उघडं ऑपरेशन सहज झेपलं असतं त्यांनाही ते द्यावं का, हा प्रश्न नंतर आला, आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

तुमचे दोन सर्जन वेगवेगळं का सांगतात, याचं उत्तर इथं आहे. १९९९ ते २००४ या काळात ब्रिटनमध्ये दोन्ही ऑपरेशनं झेपतील अशा साठीपुढच्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून तुलना झाली. पहिल्या ३० दिवसांत उघड्या ऑपरेशननंतर शंभरातले जवळपास पाच गेले, ईव्हारनंतर दोनपेक्षाही कमी. नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या अभ्यासांतही चित्र तसंच. हे ऐकून कुणीही म्हणेल, मग विचार कसला? पण त्याच ब्रिटिश रुग्णांचा पंधरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला गेला आणि २०१६ मध्ये जे छापून आलं ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले होते. सुरुवातीचा फायदा पुढच्या काही वर्षांत विरून गेला होता, आणि आठ वर्षांनंतर ॲन्युरिझममुळे होणारे मृत्यू ईव्हारच्याच गटात जास्त होते. कारण अस्तर कुठं सरकलं, कुठं सुटलं, फुग्यात पुन्हा रक्त शिरलं आणि तो उशिरा फुटला. त्या अभ्यासातले स्टेंट जुन्या पिढीचे होते, आजचे अधिक चांगले आहेत, हे खरं. तरीही ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेनं २०२० मध्ये, रुग्णाला झेपत असेल तर उघडं ऑपरेशनच द्यावं, असं सांगितलं. युरोपातल्या रक्तवाहिनी सर्जनांची संघटना मात्र रचना अनुकूल असेल तर बहुतेकांसाठी ईव्हारला पहिली पसंती देते. कोल्हापूर आणि पुणे यांच्यातला मतभेद हा तोच मतभेद आहे. दोघंही प्रामाणिक असू शकतात. एक जुना आणि दुसरा पैशासाठी, असा अर्थ घरात काढला जात असेल तर तो काढू नका.

मग बाबांसाठी काय? रिपोर्ट वाचला. मूत्रपिंडांच्या धमन्या आणि फुगा यांच्यामध्ये निरोगी महाधमनीचा जो पट्टा असतो त्याला 'नेक' म्हणतात. पायजम्याची नाडी बांधायची जागा ती. बाबांचा नेक २४ मिलिमीटर लांब आहे आणि कोन ४० अंशांचा. बहुतेक स्टेंट-ग्राफ्टना किमान १० ते १५ मिलिमीटर लांबी आणि ६० अंशांपेक्षा कमी कोन लागतो, तेव्हा वरची जागा चांगली आहे. खाली दोन गोष्टी खटकतात. डाव्या इलिॲक धमनीत (महाधमनीच्या खालच्या टोकापासून पायाकडे जाणाऱ्या फांदीत) कॅल्शियम साचून ती वळणावळणाची झाली आहे, तिथून नळी वर जाईल का हे सर्जननं सीटीवर मोजून सांगायला हवं. आणि उजवी इलिॲक धमनीही २.६ सेंटिमीटर फुगलेली आहे. तिथं अस्तर थोडं खोलवर न्यावं लागलं तर कुल्ल्याकडे जाणारी फांदी, म्हणजे आतली इलिॲक, बंद होऊ शकते. मग काही जणांना चालताना कुल्ला भरून येतो, पुरुषांमध्ये लैंगिक क्षमतेवरही परिणाम होतो. ही फांदी वाचवणारे वेगळे ग्राफ्ट मिळतात. पुण्याच्या सर्जनना हा प्रश्न थेट विचारा: 'उजवी आतली इलिॲक चालू ठेवणार की बंद करणार?' हे दोन मुद्दे त्यांनी स्वतःहून काढले तर माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढेल. आजवर अशी किती ऑपरेशनं केली, आणि जांघेतून जमलंच नाही तर त्याच टेबलवर पोट उघडायची तयारी असेल का, हेही विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

बाबा ७२ वर्षांचे, पन्नास वर्षांची बिडी, आणि तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की दुसऱ्या मजल्याला धाप लागते. या फुप्फुसांवर एवढी मोठी चीर मला भूलतज्ज्ञ म्हणून नकोशी वाटते. साठीचे, दमदार, धाप न लागणारे असते तर मी कोल्हापूरच्या बाजूनं बोलले असते. बाबांसाठी मन ईव्हारकडे झुकतं. पण एका अटीवर, आणि ती अट वैद्यकीय नाही.

ईव्हार 'उरकून टाकता' येत नाही. भावाच्या वाक्यातल्या त्या शब्दानं मला हे उत्तर इतकं लांब लिहायला लावलंय. एक महिन्यानं सीटी, वर्षानं पुन्हा, आणि मग दर वर्षी सोनोग्राफी किंवा सीटी, आयुष्यभर. कारण फुग्यात रक्त शिरण्याचे, म्हणजे एन्डोलीकचे, प्रकार असतात आणि ते बहुधा दुखत नाहीत. पाठीमागच्या बारीक धमन्यांतून उलटं रक्त येतं तो प्रकार सगळ्यात जास्त दिसतो; फुगा वाढत नसेल तर त्याच्यावर नुसती नजर ठेवतात. पण वरचं किंवा खालचं टोक सुटलं, किंवा दोन तुकड्यांचा जोड उघडला, तर पूर्ण दाब पुन्हा भिंतीवर येतो आणि तो लगेच बुजवावा लागतो. बहुतेकदा तेही जांघेतूनच होतं, छोटा जोड-तुकडा घालून. वेळेत कळलं तर. उघड्या ऑपरेशननंतर एवढी पाळत लागत नाही. तिथं हर्नियासारखे टाक्याचे प्रश्न येतात, पण शिवलेली नळी सहसा जागा सोडत नाही. म्हणजे एका ऑपरेशनची किंमत सुरुवातीला एकदम मोजायची, दुसऱ्याची थोडीथोडी, दर वर्षी. दर वर्षी कोण मोजणार? बाबा. आणि बाबांना तर माहीतच नाही की त्यांना काय झालंय.

एक रात्र सांगते. सत्तरीचे गृहस्थ, पाठीत कळ आली म्हणून मुलगा घेऊन आला. रंग पांढराफटक, नाडी धागा. दोन्ही जांघांत जुने बारीक व्रण दिसले म्हणून मी विचारलं, हे कसले? मुलगा म्हणाला, सहा वर्षांपूर्वी पोटात स्टेंट बसवलाय. तपासणी? पहिल्या वर्षी केली होती. नंतर मुलाची बदली झाली, फाइल त्याच्या शहरातल्या कपाटात राहिली. आणि बाबांना? त्यांना 'पोटाची छोटी दुर्बीण' एवढंच सांगितलं होतं, उगाच मनाला लावून घेतील म्हणून. त्यांना वर्षभर अधूनमधून पाठ भरून यायची. ते मालिश करून घ्यायचे. खालचं एक टोक सुटलं होतं. त्या रात्री आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही. मुलगा जिन्यात बसून राहिला होता, आणि त्याला काय बोलावं हे मला त्या वेळी सुचलं नाही, आजही सुचत नाही. त्यानं प्रेमापोटीच लपवलं होतं. तुम्हीही प्रेमापोटीच लपवताय.

म्हणून माझी अट: बाबांना सांगा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री संमतीपत्रावर सही घेताना नव्हे, आता.

आणि तुम्हाला वाटतं तेवढं ते अवघड नाही. बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली आहे. टायरला फुगा आला की काय करायचं हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. फुगा दिसलेल्या टायरवर पन्नास प्रवासी घेऊन घाट उतरायला ते कधी तयार झाले असते का? दुखत नाही म्हणून? त्यांना सांगा, पोटातल्या मोठ्या नळीला तसाच फुगा आलाय. एक सर्जन म्हणतात टायरच बदलू. दुसरे म्हणतात आतून गेटर, म्हणजे ठिगळ, टाकू. गेटर टाकलेला टायर नव्या टायरसारखा सोडून देता येत नाही, येता-जाता त्याच्याकडे बघावं लागतं, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. उलट दर वर्षीची सोनोग्राफी का, हे मग तेच तुम्हाला सांगतील. मी असे बरेच रुग्ण पाहिलेत, गवंडी, पाटकरी, वायरमन, ज्यांना आपल्या धंद्यातल्या भाषेत आजार कळला आणि ते खचले नाहीत. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले.

ते घाबरतील, हो. दोन दिवस जेवण कमी जाईल. पण त्यांना सोनोग्राफी, मग सीटी, मग दोन शहरांतले सर्जन असं फिरवल्यावर अजूनही ते गॅसवर विश्वास ठेवून आहेत असं तुम्हाला खरंच वाटतं का? तुम्ही बोलत नाही म्हणून तेही बोलत नसतील. एकट्यानं घाबरणं जास्त वाईट.

आणि समजा सगळं ऐकून ते 'नको' म्हणाले, तर? तो त्यांचा अधिकार आहे. आल्बर्ट आइनस्टाइन यांना हाच आजार होता. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी त्यांच्या फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं, त्या काळी तेवढंच शक्य होतं. १९५५ च्या एप्रिलमध्ये तो फुटू लागला तेव्हा ऑपरेशनचा पर्याय पुढे केला गेला. त्यांनी तो नाकारला, आणि काही दिवसांत प्रिन्स्टनमध्ये ते गेले. कुणाला तो निर्णय पटेल, कुणाला नाही, पण तो पूर्ण माहितीनिशी त्यांनी स्वतः घेतला होता. बाबा नकार देतील असं मला वाटत नाही. नातीचं लग्न आहे. पण होकार असो की नकार, तो त्यांचा असू द्या.

सांगितल्याचा पहिला फायदा बिडीपाशी दिसेल. 'बिडी सोडा' हे त्यांनी चाळीस वर्षं ऐकलंय. 'बिडीनं तुमचा फुगा भरभर वाढतो, आणि ऑपरेशनच्या आधीचे चार-सहा आठवडे सोडलीत तर भूल देणाऱ्या बाईंचं काम सोपं होईल' हे त्यांनी कधी ऐकलेलं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर बहुधा सुरू करतील, ती कोलेस्टेरॉल नॉर्मल असलं तरी घ्यायची. सीटीत आणि ईव्हारमध्ये जे औषध शिरेतून सोडतात त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो आणि बाबांचं क्रिएटिनिन १.४ आहे, तेव्हा गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आजपासून बंद.

अजून एक, आणि हे एका कागदावर लिहून बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या घराण्यातली अँटिबायोटिक्स महाधमनीचा फुगा असलेल्यांनी, दुसरा पर्याय असेल तर, घेऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे. या औषधांनी महाधमनीची भिंत फाटण्याचा धोका वाढल्याचं दिसलं. तुमच्या घरात हे विशेष महत्त्वाचं आहे, कारण प्रोस्टेटच्या रुग्णाला लघवीत जंतू झाले की याच गोळ्या सर्रास लिहिल्या जातात. लिहिणाऱ्या डॉक्टरना फुग्याचं माहीत असेल तर ते दुसरं काही देतील. माहीत असेल तर. आणि दवाखान्यात गोळी लिहून घेताना तिथं कोण बसलेलं असतं? पुन्हा बाबाच.

ऑपरेशन होईपर्यंत घरातल्या प्रत्येकाला एवढं ठाऊक हवं: पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक जोराची कळ, घाम, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं तर ओवा-सोडा करत बसायचं नाही. १०८ ला फोन, आणि 'पोटातल्या महाधमनीचा ॲन्युरिझम आहे' हे वाक्य पहिलं. कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते आजच ठरवा, जिथं रात्रीही सीटी आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन मिळतात. जवळ आहे म्हणून नुसत्या नर्सिंग होममध्ये दोन तास घालवू नका. सीटीची सीडी एका पिशवीत दाराशी टांगून ठेवा.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. ईव्हारमध्ये नुसत्या ग्राफ्टची किंमतच काही लाखांत जाते. उघड्या ऑपरेशनमध्ये नळी स्वस्त, आयसीयूचे दिवस महाग. अंदाजपत्रक मागताना पुढच्या तपासण्यांचाही हिशेब मागा. जन आरोग्य योजनेत नोंद असलेला दवाखाना असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटून, नेमकं कोणतं ऑपरेशन आणि कोणता ग्राफ्ट बसतो, ते लेखी घ्या. वर्षाची तपासणी कराडमध्येच होऊ शकेल का, हेही सर्जनना विचारा. चांगला डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करणारे सोनोलॉजिस्ट जवळ असतील तर दर वेळी पुण्याला जावं लागणार नाही, आणि न टळणारी तपासणी तीच, जी जवळ होते.

आता काका. दुखत नाही, खुपत नाही, हे त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. हा आजार असाच असतो. पण सख्ख्या भावाला ॲन्युरिझम निघाला, वय ६८, आणि तेही बिडी ओढतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांची स्वतःची सोनोग्राफी व्हायलाच हवी. दहा मिनिटांचं काम आहे, सुई नाही, औषध नाही. तुमच्या भावानंही पन्नाशी ओलांडली की करून घ्यावी, तुम्हीसुद्धा. बाबांना सांगायला बसाल तेव्हा काकांनाही बोलावून घ्या, म्हणजे एकदाच सांगावं लागेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सोनोग्राफीला घेऊन जा. उपाशीपोटी जायचं असतं, नाहीतर आतड्यातल्या हवेमुळे महाधमनी नीट दिसत नाही.